सूत्र पाठ, पण मोटर जळाली

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो आणि विभवांतराला धारेने गुणले की शक्ती मिळते. दहावीपासून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत ही दोन वाक्ये मी किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही. त्यांच्यावरची उदाहरणे सोडवली, आलेख काढले, गुणही मिळवले. परंतु गेल्या उन्हाळ्यात याच दोन वाक्यांनी मला भालकीच्या एका वायंडिंगच्या दुकानात चारचौघांत खाली पाहायला लावले. त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे. ते आमच्या प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

प्रसंग साधा आहे. आमच्या शेतात बोअरवर पाच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटर आहे. वैशाखात ऊस पाण्यावर असताना ती जळाली. सबमर्सिबल जळणे म्हणजे काय, हे बीदर आणि कलबुर्गीकडच्या शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. माणसे जमवायची, पाईप एकेक करून वर काढायचे, मोटर गाडीत घालून तालुक्याला न्यायची, वायंडिंगला नंबर लावायचा आणि तोवर उभ्या पिकाकडे बघत बसायचे. वडिलांबरोबर मीही दुकानात गेलो. वायंडिंगवाले काका मोटर उघडता उघडता म्हणाले, "व्होल्टेज कमी येत असणार तुमच्याकडं. जास्ती करंट ओढला अन् जळली."

मला राहवले नाही. मी म्हणालो, "काका, व्होल्टेज कमी झालं तर करंटही कमीच होणार. ओहमचा नियमच आहे तसा. कमी करंटवर मोटर जळेल कशी?"

काकांनी काळी पडलेली तार माझ्या हातात ठेवली आणि विचारले, "कॉलेजात काय शिकतोस रे?"

"फिजिक्स."

"मग हे जळलं कशानं ते तूच सांग."

दुकानातली माणसे हसली. वडील हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मुलगा चार वर्षे विज्ञान शिकतो आहे आणि घरची मोटर का जळली एवढेही त्याला सांगता येत नाही, हे त्यांच्या तोंडावर मला वाचता आले.

घरी येऊन मी वही उघडली. सूत्र चुकले नव्हते. मी ते चुकीच्या जागी लावले होते. आणि ती चूक माझी एकट्याची नाही, आपण ज्या रीतीने हे सूत्र शिकतो त्या रीतीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रयोगशाळेत आपण काय करतो ते आठवा. टेबलावर बॅटरी एलिमिनेटर, व्होल्टमीटर, अॅमीटर, ऱ्हिओस्टॅट आणि एक लाकडी पेटी. पेटीत तारेची वेटोळी असतात. ही तार बहुधा मँगॅनिनची असते आणि मँगॅनिन निवडण्याचे कारणच हे, की तापमान बदलले तरी तिचा रोध जवळजवळ बदलत नाही. म्हणजे आपल्यापुढे मुद्दाम निवडलेली, आज्ञाधारक तार ठेवलेली असते. ती सरळ रेषेत वागते, आपण सरळ रेषा काढतो, सही मिळते. सरळ रेषेत न वागणारी वस्तू आपल्या हाती कधी पडतच नाही. मग सगळे जग मँगॅनिनचे आहे, अशी समजूत आपली झाली तर नवल काय?

साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. आता घरोघरी एलईडी आले, तरी अडगळीत असा एखादा बल्ब सापडतोच. तो सॉकेटमधून काढून गार असताना मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला तर साठ-सत्तर ओहमच्या आसपास भरतो. समजा ६५ ओहम भरला. आता २३० चा वर्ग करा, ५२,९००. त्याला ६५ ने भागा. शक्ती येते सुमारे ८१४ वॅट! बल्बवर तर ६० वॅट छापले आहे. छापणारा खोटे बोलतो की सूत्र? दोघेही नाही. बल्ब पेटला की आतील टंगस्टनची तार दोन हजार अंश सेल्सिअसच्याही पुष्कळ वर तापते आणि तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. ५२,९०० ला ६० ने भागले तर ८८२ ओहम येतात. पेटलेल्या बल्बचा रोध तो. गार बल्ब मोजून तापलेल्या बल्बची शक्ती काढणे ही चूक मल्टिमीटरची नाही, आपली आहे. म्हणूनच पाठ्यपुस्तकात नियमाच्या आधी 'भौतिक अवस्था कायम असताना' असे चार शब्द असतात. आपण नियम पाठ करतो आणि ते चार शब्द ओलांडून जातो.

आता मोटरकडे वळू. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भार ओढताना साधारण साडेसात अँपिअर घेते. थ्री फेजचा गुणक १.७३ आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर १.७३ × ४१५ × ७.५ × ०.८५, म्हणजे जवळपास ४,५८० वॅट ती तारेतून घेते. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३,७३० वॅट पंपाला मिळतात, बाकीचे उष्णता होऊन जातात. हिशोब बरोबर जुळतो.

मग व्होल्टेज ३४० वर उतरले की काय होते? बोअरमधले पाणी काही वर येत नाही. तितक्याच खोलून तितकेच पाणी उचलायचे असते. मोटरचा वेगही फारसा उतरत नाही. काम तेच, म्हणजे शक्ती जवळपास तीच. विभवांतर घटले आणि गुणाकार तोच राहायचा, तर धारेला वाढावेच लागते. साडेसाताचे नऊ अँपिअर होतात. वायंडिंगमधली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने १८४१ मध्ये दाखवून दिले. त्या हिशोबाने तारेची उष्णता ढोबळमानाने दीडपट होते. तासन् तास दीडपट उष्णता सोसून तारेवरचा मुलामा जळतो, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि वायंडिंगवाल्याकडे गर्दी होते.

मग ओहमचा नियम मोडला का? नाही. फिरणारी मोटर स्वतःच उलट विभवांतर निर्माण करते आणि येणाऱ्या विभवांतराचा मोठा भाग त्याच्याशी तोलला जातो. तांब्याच्या तारेच्या वाट्याला उरतो तो थोडासा फरक. तिथे, त्या तारेपुरता, ओहमचा नियम खराच आहे. मी मात्र सबंध मोटरला प्रयोगशाळेतली लाकडी पेटी समजलो. विभवांतराला धारेने भागून जो आकडा येतो, तो मोटरच्या बाबतीत तांब्याचा रोध नव्हे. भार, वेग आणि व्होल्टेज यांच्याबरोबर तो बदलत राहतो. मोटर अडकून थांबली तर उलट विभवांतर नाहीसे होते आणि धारा नेहमीच्या पाच-सहा पट होते, तेही याच कारणाने.

गंमत पाहा. त्याच कमी व्होल्टेजवर पाणी तापवायचा रॉड अगदी उलट वागतो. १,५०० वॅटच्या रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम. व्होल्टेज २३० चे १८० झाले तर धारा साडेसहावरून पाच अँपिअरवर येते आणि शक्ती दीड हजारावरून सुमारे ९२० वॅटवर. पाणी उशिरा तापते, रॉडला काही होत नाही. एकाच घरात, एकाच खांबावरून आलेल्या विजेवर रॉड धारा कमी करतो आणि मोटर वाढवते. आपल्या वहीत या दोघांतला फरक कुठे आहे?

इथे खुद्द ओहमची आठवण होते. गेओर्ग सिमोन ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवीत असे. सुरुवातीला त्याने व्होल्टाच्या पद्धतीचा विद्युतघट वापरला, पण त्याचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई आणि आकडे जुळत नसत. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला. एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. असा न हलणारा उगम हाती आला तेव्हा कुठे नियम दिसला. १८२७ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तात्पर्य, ओहमची खरी मेहनत भागाकारात नव्हती. कोणती गोष्ट स्थिर ठेवली आणि कोणती बदलली याचा चोख हिशोब ठेवण्यात होती. त्याच्याजवळ बर्फ होता, आपल्याजवळ गावचा डीपी आहे. म्हणून तर आपल्याला अधिक जागरूक राहायला हवे.

डीपीचा विषय निघाला आहे तर पुढचे सांगतो. मोटर पुन्हा बसवायला वायंडिंगवाले काका स्वतः आले. त्यांच्याजवळ क्लँप मीटर होता. तार न कापता, नुसता चिमटा तारेभोवती धरला की अँपिअर दिसतात. थ्री फेज आल्याबरोबर त्यांनी मोजले: ३४२ व्होल्ट, ९ अँपिअर. तासाभराने पुन्हा मोजले: ३८५ व्होल्ट, ८ अँपिअर. काका म्हणाले, "लाईट आली की सगळ्यांच्या मोटरा एकदमच सुरू. ऑटो बसवलेत ना. लाईनीत दम राहात नाही."

त्या रात्री मी कंदिलाएवढ्या उजेडात पहिल्यांदा आपल्या उपयोगाचे गणित केले. समजा डीपीपासून शेतापर्यंतच्या प्रत्येक तारेचा रोध अर्धा ओहम आहे आणि त्या तारेवर दहा पंप आहेत. दहाही एकदम चालले आणि प्रत्येकाने नऊ अँपिअर ओढले तर ९० अँपिअर झाले. ९० गुणिले अर्धा, म्हणजे ४५ व्होल्ट तारेतच पडले. फेजचे २४० व्होल्ट १९५ झाले आणि दोन फेजमधले ३३८ च्या घरात आले. जळायला एवढे पुरे. शिवाय प्रत्येक तारेत ९० चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ४,०५० वॅट, तीन तारांत मिळून १२ हजार वॅट नुसती तार तापवण्यात गेले. अडीच पंप चालतील एवढी वीज चिमण्यांचे पाय शेकण्यात गेली म्हणा ना! आता दहांऐवजी पाच पंप चालवा. प्रत्येकी आठ अँपिअर धरले तर ४० अँपिअर होतात. तारेत पडले २० व्होल्ट. दोन फेजमधले व्होल्टेज ३८० राहिले. तारांत वाया गेले २,४०० वॅट. पंप निम्मे केले आणि नुकसान पाचपटीने उतरले. पॉवर फॅक्टरचे बारकावे मी सोडून दिले आहेत, पण हिशोबाचा कल त्याने बदलत नाही.

हेच गणित मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्याच्या इतिहासात आहे. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली गेली. एवढ्या लांब ती पोहोचली ती हजारो व्होल्टच्या दाबाने पाठवली म्हणून. तीच शक्ती दुप्पट व्होल्टने पाठवली तर धारा निम्मी लागते आणि तारेतले नुकसान एक चतुर्थांश होते. ज्या सूत्राने कोलारच्या खाणी चालल्या तेच सूत्र आमच्या बांधावर उभे आहे. आम्ही मात्र त्याला चार गुणांचा प्रश्न समजतो.

माझा कागद वडिलांनी खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी एका डीपीवरच्या शेजाऱ्यांना पारावर दाखवला. सगळे पटकन तयार झाले असे सांगितले तर ते खरे होणार नाही. पाळीने पंप चालवायला सहा जण राजी झाले. दोघे म्हणाले, बघू. एकाने ऑटो काढायला साफ नकार दिला. त्याचे म्हणणे, रात्री दोन वाजता उठून बटण दाबायला तुझे फिजिक्स येणार आहे का? त्याचेही खोटे नाही. त्यावर काकांनी तोड सुचवली की ऑटो ठेवायचा असेल तर निदान प्रत्येकाने तो उशीर लावून सुरू होणारा घ्यावा, ओव्हरलोड रिलेची चकती मोटरच्या अँपिअरवर आणून ठेवावी आणि जळालेले कपॅसिटर बदलावेत. आमच्या स्टार्टरमधली चकती कुणीतरी केव्हाच शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवली होती, म्हणजे मोटर सारखी बंद पडू नये! ती बंद पडत होती ते तिला वाचवण्यासाठी, हे कुणाला ठाऊक?

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या महाविद्यालयात विद्युत विषयाची किमान दोन प्रात्यक्षिके खऱ्या, चालत्या वस्तूंवर व्हावीत. पहिल्यात डिमरस्टॅटने व्होल्टेज कमी-जास्त करून एक बल्ब, एक हीटर आणि एक छोटा पंप यांची धारा मोजावी आणि तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढावेत. तीन रेषा तीन तऱ्हेने जातील. त्या एका कागदात जे शिकायला मिळेल ते दहा सोडवलेल्या उदाहरणांत नाही. हे काम प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच व्हावे, कारण २३० व्होल्टशी खेळ नाही.

दुसरे प्रात्यक्षिक प्रत्येकाने घरी करावे आणि त्याला तारेला हात लावायचीही गरज नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेले असते. समजा ३,२०० वेळा. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे एका लुकलुकीत १,१२५ जूल. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त रॉड चालू ठेवा आणि घड्याळ लावून ४० लुकलुकी मोजा. त्यांना ३६ सेकंद लागले तर ४० गुणिले १,१२५ भागिले ३६, म्हणजे रॉड १,२५० वॅट घेतो आहे. रॉडवर तर २३० व्होल्टला १,५०० वॅट लिहिले आहे आणि त्याचा रोध ३५ ओहम आपण काढलाच आहे. शक्ती आणि रोध यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या: सुमारे २१० व्होल्ट. काही न उघडता, काही न जोडता, घरी येणारे व्होल्टेज तुम्ही नुसत्या डोळ्यांनी मोजले!

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की हे आयटीआयचे काम आहे, पदवीच्या विद्यार्थ्याचे नव्हे. मला हा आक्षेप ऐकून वाईट वाटते. ज्या काकांना मी नियम शिकवायला गेलो त्यांना सूत्र लिहिता येत नसेल, पण ते कुठे लागू पडते हे त्यांना माहीत होते. मला सूत्र लिहिता येत होते. दोघांपैकी मोटर कुणामुळे वाचली? आमच्या पदवीने काकांच्या ज्ञानाला कारण पुरवले पाहिजे आणि त्यांच्या अनुभवाने आमच्या सूत्राला जागा दाखवली पाहिजे. ही देवघेव कमीपणाची नाही.

दुसरा आक्षेप असा की आता वीज फुकट आहे, मग मोजायचे कशाला? गृहज्योती योजनेचा शुभारंभ ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या कलबुर्गीतच झाला आणि पुष्कळ घरांचे बिल शून्य येऊ लागले. दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांनाही बिल नाही. गरिबाच्या घरी या योजनेने उजेड राहिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बिल शून्य आले म्हणजे युनिट शून्य झाले असे नव्हे. गृहज्योतीची मर्यादा महिन्याला २०० युनिटची; ती ओलांडली की सगळे बिल भरावे लागते. दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात, हे गणित ज्या घरात कुणालाच येत नाही त्या घरावर एखाद्या महिन्यात बिल अचानक येऊन पडते आणि मग मीटरला दोष दिला जातो. मीटर बिघडू शकतो, पण तो बिघडला आहे हे म्हणायलासुद्धा मोजता आले पाहिजे. शिवाय फुकटच्या विजेने जळालेली मोटर काही फुकट भरून मिळत नाही.

आणि प्रश्न पैशाचाच आहे असेही नाही. त्याच रॉडची पिन सैल सॉकेटमध्ये बसवली आणि जोडाचा रोध नुसता अर्धा ओहम झाला तरी साडेसहा अँपिअरच्या धारेने त्या एवढ्याशा जागी २१ वॅट उष्णता होते. एका छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी! प्लास्टिकचा वास येतो, सॉकेट तपकिरी पडते आणि आई म्हणते, "रॉड खराब आहे." रॉड चांगला असतो, खराब असतो तो जोड. किती घरांत आग लागायची सुरुवात अशा जोडातून होत असेल! हे ओळखायला पदवी लागत नाही. धारेचा वर्ग गुणिले रोध एवढे पुरे.

तिसरा आक्षेप भाषेचा आहे आणि तो आपल्या महाविद्यालयात फार खरा आहे. आमच्यातले काहीजण दहावीपर्यंत मराठीत शिकले, काही कन्नडमध्ये, काही उर्दूत. पीयूसीला आल्यावर सगळ्यांचे रेझिस्टन्स झाले आणि आधीचे शब्द गळून पडले. आपला हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथल्या, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण दिले जात होते आणि विज्ञानाच्या संज्ञा त्या भाषेत घडवल्या जात होत्या. रोधाला उर्दूत मुजाहमत म्हणतात. आज मराठीत आणि कन्नडमध्ये रोध हा एकच शब्द आहे, विभवांतर हाही एकच. शेजारच्या बाकावर बसलेल्या कन्नड मित्राची वही आणि माझी वही या बाबतीत एकच आहे, हे मला चार वर्षांत कुणी सांगितले नव्हते. वायंडिंगच्या दुकानात यांपैकी कुठलाच शब्द चालत नाही. तिथे लोड, अँपिअर आणि फेज चालतात. माझी सूचना अशी की प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता असावा: मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी आणि शेवटच्या रकान्यात बाजारातला शब्द. घरी वडिलांना समजावून सांगायचे असेल तर तो शेवटचा रकानाच उपयोगी पडणार आहे.

अभ्यासक्रम आपल्या हातात नाही, तो विद्यापीठ ठरवते, असे आमचे प्राध्यापक म्हणतील आणि ते बरोबर आहे. परंतु एक क्लँप मीटर विकत घेणे, वर्षातून दोन दुपारी मोकळ्या ठेवणे आणि वायंडिंगवाल्या एखाद्या काकांना सन्मानाने बोलावून त्यांचा तास ठेवणे, एवढे तर आपल्या हातात आहे ना? त्या तासाला मी पुढच्या बाकावर बसेन आणि या खेपेला आधी ऐकून घेईन.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे, की या सुट्टीत घरच्या मीटरची लुकलुक मोजा. कमी व्होल्टेज येत असेल तर किती कमी, केव्हा कमी, किती पंप चालू असताना कमी, हे तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. "लाईट बरोबर येत नाही" या तक्रारीला कुणी दाद देवो न देवो. "अमक्या तारखेला रात्री अमक्या वाजता ३४२ व्होल्ट होते" हे लिहून दिले तर उत्तर द्यावे लागते. आमच्या शेजाऱ्यांनी तसा एक कागद तयार केला आहे. त्याला उत्तर काय येते ते कळेलच. कन्नड विभागातल्या मित्रांनीही आपापल्या गावच्या डीपीचे आकडे पुढच्या अंकात छापावेत. मी ते शेजारच्या बाकावरून वाचून घेईन आणि आमच्या आकड्यांशी ताडून पाहीन.